बारावी सायन्स, कॉम्प्युटरचा पेपर आणि कॅपचा अर्ज : घरातून पहिल्यांदाच इंजिनिअरिंगला निघालेल्यांसाठी

दरवर्षी जूनमध्ये आमच्या लॅबच्या दारात एखादे वडील प्लॅस्टिकची फाइल घेऊन उभे असतात. मुलगा मागे, मान खाली. प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, पोराला कॉम्प्युटरला दोनशेपैकी एकशे नव्वद आहेत. मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळेल ना?"

त्या एकशे नव्वदमध्ये निम्मे मार्क माझ्या लॅबमधले असतात, त्यामुळे उत्तर देताना मलाच अवघडल्यासारखं होतं. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सचा एक मार्कही धरला जात नाही. यादी लागते एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सच्या पर्सेंटाइलवर (पर्सेंटाइल म्हणजे काय ते पायरी ४ मध्ये). आणि अकरावी-बारावीला कॉम्प्युटर विषय न घेतलेल्या मुलांनाही कॉम्प्युटर शाखा मिळते.

मग विषय घेतला तो चुकला का? मुळीच नाही. फक्त त्याचं काम वेगळं आहे. ते नेमकं काय, आणि बोर्ड, सीईटी आणि कॅप, म्हणजे राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, अशा तीन ठिकाणी तीन वेगळे हिशेब कसे चालतात, हे ज्यांच्या घरात सांगणारं कुणी नाही त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते. मी राज्य मंडळाच्या बायफोकल कॉम्प्युटर सायन्सची शिक्षिका आहे. उन्हाळ्यात मुलांचे अर्ज भरून द्यायला बसते. त्यामुळे चुका भरपूर पाहिल्या आहेत, काही माझ्या हातूनही झाल्या आहेत.

पायरी १ : आपण नेमका कोणता कॉम्प्युटर घेतला आहे ते ओळखा

हसू नका. डिसेंबर उजाडला तरी काहींना हे माहीत नसतं. बारावी सायन्सला कॉम्प्युटरच्या नावाखाली प्रामुख्याने दोन विषय असतात.

पहिला 'आयटी', म्हणजे माहिती तंत्रज्ञान. हा १०० मार्कांचा विषय दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो. त्यातले ८० मार्क लेखीचे आणि २० प्रात्यक्षिकाचे. 'लेखी' म्हणायचं एवढंच, परीक्षा संगणकावर ऑनलाइन होते. वेब डिझाइनिंग, जावास्क्रिप्ट, पीएचपी, एसइओ, ई-कॉमर्स असा अभ्यासक्रम आहे. 'दोन अचूक पर्याय निवडा', 'तीन अचूक पर्याय निवडा' अशा प्रश्नांत हुशार मुलंही घसरतात, कारण घाईत एकाच पर्यायावर टिक करून पुढे जातात. बाकी विषय सोपा आहे. पाठ्यपुस्तक तीनदा वाचलं आणि दिलेले प्रोग्राम स्वतः टाइप केले की झालं.

दुसरा बायफोकल 'कॉम्प्युटर सायन्स'. हा २०० मार्कांचा. त्यासाठी दुसरी भाषा आणि एक पर्यायी विषय सोडावा लागतो. बहुतेक मुलं बायोलॉजी सोडतात. याचे दोन पेपर असतात आणि प्रत्येक पेपरला ५० मार्क लेखी, ५० प्रात्यक्षिक. म्हणजे शंभर मार्क लॅबमध्येच ठरतात.

मी पुढे बोलणार आहे ते मुख्यतः या दुसऱ्याबद्दल.

पायरी २ : कॉम्प्युटर सायन्सला आठवड्याचे तीन तास द्या, चौथा देऊ नका

पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस आणि एचटीएमएल. दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, त्याच्या सूचना आणि प्रोग्राम, इंटेलचं एक्स-८६ कुटुंब, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग.

८०८५ ही चिप १९७६ सालची. मुलं विचारतात, "मॅडम, आमच्या मोबाइलमध्ये काय आणि आपण शिकतोय काय?" प्रश्न रास्त आहे. पण मोबाइलच्या प्रोसेसरचं पोट उघडून दाखवता येत नाही, ८०८५ चं येतं. आठ बिटांचा डेटा, सोळा बिटांचा पत्ता, म्हणून ६४ केबी मेमरी : हे गणित एकदा डोक्यात बसलं की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसरचा पेपर अंगावर येत नाही. टर्बो सी प्लस प्लस या जुन्या सॉफ्टवेअरच्या त्या निळ्या खिडकीचं मात्र मला समर्थन करता येत नाही. तिच्यात लिहिलेले हेडर आजचा कंपायलर घेत नाही. परीक्षेपुरतं वर्गात शिकवलं तसंच लिहा आणि पुढे कॉलेजात गेल्यावर ती सवय मोडा.

मार्क जातात ते ठरावीक ठिकाणी. ८०८५ च्या प्रोग्राममध्ये पत्ता मेमरीत भरताना आधी खालचा बाइट, मग वरचा. पत्ता 'सी०५०' असेल तर आधी '५०' आणि नंतर 'सी०'. दर बॅचला निम्मी मुलं हे उलटं लिहितात, मग लॅबमधल्या ८०८५ च्या किटवर उत्तर येत नाही आणि परीक्षकांसमोर घाम फुटतो. दुसरं, ब्लॉकमधली सर्वांत मोठी संख्या शोधताना काउंटर कमी करायची सूचना विसरते, प्रोग्राम गोल गोल फिरत राहतो. तिसरं डेटा स्ट्रक्चरमधलं : बायनरी सर्च लिहिताना यादी आधी क्रमाने लावलेली असली पाहिजे, ही अट कुणी लिहीतच नाही.

जर्नल वेळेवर पूर्ण करा. ऑक्टोबरमध्ये प्रोग्राम समजून लिहिलेली वही जानेवारीत तोंडी परीक्षेला कामाला येते. शेवटच्या रात्री मैत्रिणीची वही उतरवून काढली असेल तर परीक्षकांना पहिल्या दोन प्रश्नांतच कळतं. ते बोलत नाहीत, पण कळतं.

एवढं केलं की १७५ च्या पुढे जाता येतं. दोनशेपैकी दोनशेच्या मागे लागून फिजिक्सचा वेळ खाऊ नका. मुलांना कॉम्प्युटर आवडतो, लॅबमध्ये रमायला होतं, आणि इंटिग्रेशनपासून पळायला तेवढी जागा पुरते. मीच कितीदा मुलांना लॅबमधून उठवून गणिताच्या तासाला पाठवलं आहे.

पायरी ३ : बोर्डाचे मार्क कशाला लागतात ते समजून अभ्यास करा

राज्य मंडळाची लेखी परीक्षा साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. २०२५ मध्ये ती ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि निकाल ५ मेला लागला. प्रात्यक्षिकं त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत. फिजिक्स, केमिस्ट्री लेखी ७० अधिक प्रात्यक्षिक ३०, गणित तसंच ८० अधिक २०. पेपर सकाळी ११ चा असेल तर वर्गात साडेदहाला हजर राहायचं. २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, ती उजळणीसाठी वापरा. नवीन प्रश्न सुरू करू नका.

आता हिशेब. इंजिनिअरिंगच्या कॅपसाठी बारावीला ठरावीक तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव गटाला ४० टक्के लागतात. तेवढे असले की बोर्डाचं तिथलं काम जवळजवळ संपलं. एनआयटी किंवा आयआयटीला जायचं असेल तर ७५ टक्क्यांची अट आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं. तिथे बारावीच्या एकूण टक्केवारीचा प्रश्न येतो आणि लॅबमधले ते मार्क हात देतात. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला बऱ्याच ठिकाणी बारावीच्याच मार्कांवर प्रवेश होतो, तिथे तर ते सोन्याच्या भावाने विकले जातात.

म्हणून "बोर्डाला काही किंमत नाही, सीईटीच करा" असं क्लासवाले म्हणाले तर अर्धंच खरं माना. तुमचा दुसरा रस्ता बोर्डाच्या मार्कांवर उभा आहे.

निकालात अनपेक्षित कमी मार्क दिसले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची असते, पुनर्मूल्यांकन त्यानंतर. मुदत थोडी असते. निकालाच्या आनंदात किंवा दुःखात ते दिवस निघून जातात.

पायरी ४ : सीईटी म्हणजे वेगाची परीक्षा

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात फिजिक्सचे ५० प्रश्न, केमिस्ट्रीचे ५०, प्रत्येकी एक मार्क. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. एकूण २००. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नाहीत. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीच उघडते, गणित नंतरच्या ९० मिनिटांत.

हे आकडे कागदावर मांडून बघा. पहिल्या भागात १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणितात प्रश्नाला १०८ सेकंद. फिजिक्सचा हिशेब ५४ सेकंदांत होत नाही, केमिस्ट्रीचं उत्तर वीस सेकंदांत येतं किंवा येतच नाही. म्हणून माझ्या मुलांना मी सांगते, केमिस्ट्री आधी, ३० ते ३५ मिनिटांत उरकायची आणि उरलेला वेळ फिजिक्सला द्यायचा. काहींना उलटं जमतं. पण काय जमतं ते सराव परीक्षेत ठरवा, केंद्रावर प्रयोग नको.

निम्मे मार्क गणिताचे आहेत. त्यातही २० टक्के भार अकरावीचा, म्हणजे पन्नासातले साधारण दहा प्रश्न. अकरावीची सगळी पुस्तकं लागत नाहीत, ठरावीक धडे आहेत. गणितात ट्रिगोनॉमेट्रीचा दुसरा भाग, सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, क्रमपरिवर्तन, फंक्शन, लिमिट वगैरे. फिजिक्समध्ये गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, प्रकाश, सेमीकंडक्टर असे. अकरावीचं वर्ष ज्यांनी "यंदा बोर्ड नाही" म्हणून काढलं त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत हे धडे काढावेत. त्यानंतर वेळ मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

मराठी माध्यमातून दहावी केलेल्यांसाठी एक गोष्ट. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतूनही निवडता येतो, गणित मात्र इंग्रजीतच असतं. पण अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकून परीक्षेला मराठी निवडलीत तर 'जडत्व आघूर्ण' वाचून थबकाल. जे दोन वर्षं वाचलं त्याच भाषेत परीक्षा द्या. जेईई मेन, म्हणजे एनआयटी-आयआयटीच्या वाटेवरची प्रवेश परीक्षा, हीही मराठीत उपलब्ध असते, तिथेही हाच विचार करा. जेईईला मात्र चुकीच्या उत्तराचा एक मार्क जातो. सीईटीची 'सगळ्या प्रश्नांना टिक करून या' सवय तिथे महागात पडते.

आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क मिळवणारे शंभरात किती, ते म्हणजे पर्सेंटाइल. २०० पैकी १२० मार्कांना ६० टक्के म्हणत रडत बसलेली मुलगी मी पाहिली आहे, आणि निकालात तिचा पर्सेंटाइल नव्वदीत होता. उलट शेजारच्या सत्रातल्या मित्राला तुमच्याहून कमी मार्क असून पर्सेंटाइल जास्त असू शकतो. त्यात अन्याय शोधू नका, त्याच्या सत्राचा पेपर अवघड होता एवढंच.

पायरी ५ : कागदपत्रं. ही बारावीच्या अभ्यासापेक्षा आधी सुरू करा

खरं तर ही पायरी पहिली लिहायला हवी होती. पण पहिली लिहिली की कुणी वाचत नाही.

ज्यांना आरक्षणाचा लाभ घ्यायचा आहे त्यांना जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याला महिने जातात. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी महसुली नोंद, गावचा फेरफार, काय काय शोधावं लागतं ते घरच्यांनाच ठाऊक. अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत करा. बारावीच्या निकालानंतर जात पडताळणी समितीच्या दारात जी रांग लागते तिच्यात उभं राहणारी मुलं अभ्यासात कुठेच कमी पडलेली नसतात.

नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राची (कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं) मुदत बघा. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय, त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असलं पाहिजे. गेल्या वर्षी काढलेलं बरेचदा तिथवर पोचत नाही. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला त्या-त्या आर्थिक वर्षाचा लागतो. मार्चमध्ये घाईने काढून ठेवलात तर एप्रिलमध्ये तो जुना होतो.

राज्याचे नमुने वेगळे, केंद्राचे वेगळे. कॅपला चालणारा ओबीसीचा दाखला आयआयटी-एनआयटीच्या जोसा फेरीला चालत नाही, तिथे केंद्राच्या नमुन्यातला आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. शिवाय राज्याच्या ओबीसी यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर तहसील कचेरीत किंवा सेतू केंद्रात दोन्ही नमुने एकाच खेपेत मागा.

बाकी डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का, ते आजच बघा. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं आणि आईचं नाव वेगळं छापलेलं असतं, आधारवर क्रम निराळा असतो. क्रमाने फारसं बिघडत नाही. एका ठिकाणी 'व्ही' आणि दुसऱ्या ठिकाणी 'डब्ल्यू' असेल तर मात्र दोन माणसं होतात.

एक योजना मुलींच्या घरी मुद्दाम सांगा, कारण अजूनही ऐकून "काहीतरी अफवा असेल" म्हणतात. २०२४-२५ पासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण भरतं. अट अशी, की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्क यात येत नाही, त्याची तजवीज वेगळी ठेवा. मुलगे आणि बाकीच्यांसाठी शुल्क सवलतीच्या इतर योजना आहेत. शिवाय 'टीएफडब्ल्यूएस' नावाच्या पाच टक्के जागा असतात, त्यांत शिक्षण फी माफ असते. कॉलेज-शाखांची पसंती भरायच्या ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा कोड वेगळा असतो, हे बऱ्याच जणांना फॉर्म भरून झाल्यावर कळतं.

पायरी ६ : कॅपचा ऑप्शन फॉर्म

इथे सावकाश वाचा. मुलं दोन वर्षं अभ्यास करतात आणि हा फॉर्म अर्ध्या तासात, नेटकॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरतात.

क्रम असा : नोंदणी, कागदपत्रांची तपासणी (घरबसल्या ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रावर जाऊन), तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग पहिल्या फेरीचा ऑप्शन फॉर्म. तात्पुरत्या यादीत आपलं नाव, गट, लिंग, होम युनिव्हर्सिटी सगळं तपासा. हरकतीचे दिवस गेले की चूक तुमची.

होम युनिव्हर्सिटी म्हणजे तुम्ही बारावी जिथून पास झालात त्या भागाचं विद्यापीठ. साताऱ्याची मुलगी पुण्यात बारावीला असेल तर तिचं होम शिवाजी विद्यापीठ राहत नाही, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ होतं. संलग्न कॉलेजांत ७० टक्के जागा होमवाल्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. गेल्या वर्षीच्या कटऑफच्या यादीत 'जीओपनएच', 'जीओपनओ', 'एलओपनएस' असे कोड दिसतील. पहिलं अक्षर 'जी' सर्वसाधारण, 'एल' मुलींसाठी. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं 'एच' म्हणजे होम, 'ओ' म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, 'एस' म्हणजे राज्य पातळी. आपला कोड सोडून भलत्याच रकान्यातला आकडा बघून हुरळून जाणारे किंवा खचणारे दोघेही मी पाहते.

आता मुख्य गोष्ट. पर्याय आपल्या आवडीच्या क्रमाने लावायचे, 'मिळेल-न मिळेल'च्या क्रमाने नाही. वर पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय टाकलं म्हणून खाली टाकलेल्या कॉलेजची तुमची संधी कमी होत नाही. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि पहिली शक्य जागा देते. त्या दोन ठिकाणी कॉम्प्युटर खुल्या गटात ९९ पर्सेंटाइलच्या बऱ्याच वर बंद होतं, हे माहीत असूनही टाकायला काही लागत नाही.

पण एक मेख आहे. २०२५ च्या प्रवेशांत चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता, की पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप गोठली, म्हणजे 'ऑटो फ्रीझ'. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर गोठली. तिसरीत पहिल्या सहापैकी. गोठली म्हणजे पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. तेव्हा पहिल्या क्रमांकावर असं काही टाकू नका की मिळालं तर घरात भांडण होईल. एका मुलाने मित्रासोबत राहायचं म्हणून त्याचं कॉलेज पहिलं टाकलं. त्याला लागलं, मित्राला लागलं नाही. दोनशे किलोमीटरवर एकटा, आणि घराजवळचं त्याहून चांगलं कॉलेज यादीत दुसरं. हा फॉर्म त्याने माझ्यासमोर बसून भरला होता. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

पहिले सहा पर्याय म्हणून आईवडिलांसोबत बसून लावा. वहीत तीन रकाने करा : शाखा, कॉलेज, अंतर आणि खर्च. कशावर तडजोड होईल ते आधी ठरवा. माझं मत विचाराल तर चांगल्या कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन हे नवख्या कॉलेजातल्या 'एआय अँड डेटा सायन्स'पेक्षा बरं. सगळ्यांना पटत नाही, पटलं नाही तरी चालेल. पण त्यामागचं कारण ऐका. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने कॉलेजांच्या शाखानिहाय जागांवरची कमाल मर्यादा काढली. कॉम्प्युटर आणि त्याच्या चुलतभावंडांच्या तुकड्या बऱ्याच ठिकाणी वाढल्या. जागा वाढायला एक मंजुरी पुरते, शिकवणारी माणसं तेवढ्या वेगाने मिळत नाहीत. याचाच दुसरा परिणाम असा, की गेल्या वर्षीचा कटऑफ यंदा जसाच्या तसा लागू पडेल असं धरून चालू नका. जागा किती वाढल्या ते आधी बघा.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा प्रवेशद्वाराशी लावलेल्या पॅकेजच्या फलकावर वेळ घालवू नका. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना कॅन्टीनमध्ये गाठून विचारा : डेटा स्ट्रक्चर कोण शिकवतं, लॅबमध्ये एका मशीनवर किती जण बसता, गेल्या सेमिस्टरला वर्गातले किती पास झाले. पाच मिनिटांत खरं कळतं.

जागा लागली, आवडली, तर 'फ्रीझ' करा. बरी आहे पण वरची हवी असेल तर जागा स्वीकारून 'बेटरमेंट' निवडा. पुढच्या फेरीत वरचा पर्याय लागला तर आधीची जागा आपोआप सुटते, मागे येता येत नाही. स्वीकृतीची फी आणि मुदत दोन्ही पाळा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पैसे भरायला बसलात आणि साइट अडकली, ही गोष्ट दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरात घडते.

पायरी ७ : नंबर लागलाच नाही तर

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. पुणे विद्यापीठात त्यासाठी बारावीला गणित लागतं, ते तुमच्याकडे आहेच. फी इंजिनिअरिंगच्या मानाने खूप कमी. पुढे एमसीए केलं, जे २०२० पासून दोन वर्षांचं झालं आहे, तर मुलं त्याच कंपन्यांत जाऊन बसतात. बीसीएचा विचार असेल तर लक्षात ठेवा, २०२४ पासून एआयसीटीईची मान्यता असलेल्या बीसीए, बीबीए अभ्यासक्रमांना राज्याची वेगळी सीईटी आहे. तिचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी निघतो. "इंजिनिअरिंग नाही मिळालं तर बीसीए करू" असं जुलैमध्ये म्हणणाऱ्यांना मग उरलेल्या जागांच्या मागे धावावं लागतं. फॉर्म आधीच भरून ठेवा.

बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, आणि तिथून डिप्लोमा करून पुन्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रस्ता एक वर्षाने लांब पडतो, पण हाताला काम शिकवतो.

एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी देण्याबद्दल मी कुणाला हो किंवा नाही म्हणत नाही. एवढंच विचारते : गेल्या वर्षी रोज किती तास बसलास? उत्तर द्यायला मुलगा आईकडे बघू लागला, तर मी बीएस्सीचा फॉर्म पुढे करते.

पायरी ८ : कॉलेजात हजर होण्याच्या दिवशी

मूळ कागदपत्रं एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्या फाइलमध्ये, पासपोर्ट फोटो डझनभर, आणि अलॉटमेंट लेटरची प्रत. डीडी लागतो की ऑनलाइन भरणा चालतो, ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. मुली आणि फी सवलत घेणाऱ्यांनी कॉलेजने पूर्ण फी मागितली तर भांडण न करता योजनेचं नाव घेऊन विद्यार्थी विभागात बोलावं, आणि जे सांगतील ते लेखी मागावं.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथे जमा होतो आणि चार वर्षं त्यांच्याच कपाटात राहतो. पुढे पासपोर्टला, जात पडताळणीला, धाकट्या भावाच्या फॉर्मला सतत त्याची प्रत लागते. तेव्हा आदल्या संध्याकाळी त्याच्या दहा झेरॉक्स काढा, एक चांगली स्कॅन करून आईच्या आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि मगच बस पकडा.